छतवाल्या ताईंची चौकशी

सकाळी उठल्यावर तपासनीस आधी घर तपासत. गॅसचा खटका बंद आहे, स्वयंपाकघरातला नळ नीट पिळलेला आहे, मागच्या दाराची कडी पुरती बसली आहे, एवढे पाहून झाले की ते कपबशी खिडकीच्या उजेडात धरत, नखाने टिचकी मारत आणि कान देऊन ऐकत. आवाज बद्द आला नाही की मग चहा. चहा चांगला झाला असेल तर ते काही बोलत नसत. बिघडला असेल तर बोलत.

तपासनीस हे त्यांचे नाव नव्हे. बल्बच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर बसून खराब बल्ब तेवढा उचलून बाजूला टाकायचा, हे काम त्यांनी उभी नोकरी केले. चांगले बल्ब आपापले पुढे जात. त्यांच्याकडे बघण्याची गरजच पडत नसे. निवृत्तीनंतर पट्टा थांबला, नजर मात्र थांबली नाही. भाजी, पाहुणे, शेजाऱ्यांनी दाराला दिलेला नवा रंग, सगळेच त्यांच्यासमोरून सरकत राहिले आणि ते त्यातले खराब तेवढे उचलत राहिले. गल्लीने त्यांना तपासनीस म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते नाव मानाच्या शालीसारखे पांघरून घेतले.

त्या सकाळी त्यांचा चहा अर्ध्यावर असताना वरच्या खोलीत टब सरकवल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ त्यांच्या पत्नी जिन्यात दिसल्या. त्या पुस्तकबांधणीचे काम करीत; सारे त्यांना बांधणीवाल्या बाई म्हणत.

"अहो, कालच्या जराशा शिडकाव्यानेसुद्धा गळलं! थेंब पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या अगदी शेजारी पडलाय. एक वीत इकडे पडला असता तर दाबून ठेवलेल्या पुस्तकाचा लगदा झाला असता."

"मी टब ठेवायला सांगितला होता."

"टब ठेवलाय. थेंब त्याच्यात पडत नाहीत. त्यांना तुमच्यासारखी शिस्त नाही!"

प्रकरण गमतीचे नव्हते. वाचनालयाने जुन्या ग्रंथांची बांधणी बाईंना द्यायचे कबूल केले होते. असे काम हाती यावे म्हणून बाई कितीतरी वर्षे शाळेच्या वह्या आणि हिशेबाची बाडे शिवत बसल्या होत्या. ग्रंथपाल स्वतः वर येऊन खोली पाहून गेले होते. त्यांनी खळीचे भांडे पाहिले, सुया पाहिल्या, कौतुक केले, मग मान वर केली आणि छतावरचा ओला डाग पाहून म्हणाले, "छत झालं की कळवा. पुस्तकं लगेच पाठवतो. फार उशीर झाला तर मात्र दुसरीकडे द्यावी लागतील."

छतासाठी दोन माणसे नजरेसमोर होती. एक हसतमुख कंत्राटदार. तो कधीही यायला तयार होता; सांगितले असते तर फोन खाली ठेवायच्या आत दारात उभा राहिला असता. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांची नावे विचारली तेव्हा तो म्हणाला होता, "सगळेच खूश आहेत हो, एकाचं नाव घेतलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल!"

दुसऱ्या छतवाल्या ताई. त्या छतही घालत आणि त्यावर सोलरही बसवत. त्या दुपारी यायचे कबूल करून दिवेलागणीला आल्या, जिना चढण्याआधीच बोलू लागल्या आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत बोलत होत्या. "माझ्या कामाबद्दल मला विचारू नका, मी स्तुतीच करणार! लाँड्रीवाल्या काकांना विचारा, दाताच्या डॉक्टरीणबाईंना विचारा, बेकरीत विचारा. या आठवड्यात हात मोकळा आहे. मग शाळेचं मोठं काम सुरू झालं की मी कुणाची नाही!"

बाईंचे मत तेव्हाच झाले होते. "ताईंना हो म्हणून टाकू या," त्या आता पुन्हा म्हणाल्या. "आजचा दिवस गेला तर आपला नंबर जाईल."

तपासनीसांनी कप खाली ठेवला आणि कारखान्यातला जुना खाकी डगला चढवला. खिशात टॉर्च होती. "अगं, छताचा माणूस असा निवडायचा नसतो. संध्याकाळच्या आत या ताईंचं पाणी जोखून दाखवतो! तिन्ही घरं फिरतो आणि प्रत्येकाला एकच विचारतो, तक्रार काय?"

"आणि कौतुक केलं तर?"

"कौतुक कुणीही करतं. त्याला काय लागतं? माणूस कळतो तो तक्रारीतून."

"आणि तक्रार नसलीच तर?"

"नसली असं होत नाही," तपासनीस जोडे घालताना म्हणाले. "नीट विचारावी लागते."

*

गल्लीत सकाळपासून वीज नव्हती. दुकानदार पायऱ्यांवर येऊन एकमेकांना वीज कधी येणार हे विचारत होते. लाँड्रीत मात्र दिवा जळत होता आणि इस्त्रीची वाफ रस्त्यावर येत होती. तपासनीसांनी हे पाहिले. पण चालू दिव्याकडे लक्ष द्यायची त्यांना सवय नव्हती.

लाँड्रीवाले काका म्हणजे स्वभावाने घडी घातलेला माणूस. कुठे सुरकुती नाही. त्यांनी तपासनीसांना स्टूल दिले, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि ताईंचे नाव काढताच इस्त्री उभी करून ठेवली.

"ताई? काय सांगू साहेब! पूर्वी पावसाळ्यात मी एका हाताने इस्त्री करायचो आणि दुसऱ्या हाताने छत्री धरायचो. आता दोन्ही हात मोकळे! मागे वादळ झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छतावर पावलं वाजली. मला वाटलं चोर. बघतो तर ताई! न बोलावता आल्या, एकेक स्क्रू हाताने चाचपला, चहा नको म्हणाल्या आणि गेल्या."

"ते असू द्या. तक्रार काय?"

"तक्रार?" काका गोंधळले. "तक्रार नाही."

"आठवून बघा."

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी डोके खाजवले, छताकडे पाहिले आणि संकोचून म्हणाले, "तशा बोलतात फार."

"हं!" तपासनीसांचा चेहरा खुलला. "आणखी?"

"काम सुरू करायला उशिरा आल्या. आणि छतावर गातात! आवाज मोठा आहे, सूर मात्र..." काकांनी हात वर करून सूर कुठेतरी उडून गेल्याचे दाखवले.

"छान! आणखी?"

आता काकांकडचा साठा संपला होता. त्यांनी पाहुण्याच्या डगल्याकडे पाहिले, टॉर्चकडे पाहिले आणि त्यांच्या गुळगुळीत कपाळावर पहिली सुरकुती पडली. "साहेब, तुम्ही इतकं खोदून विचारताय, म्हणजे काहीतरी निघालेलं दिसतंय. माझं छत ठीक आहे ना?"

येथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, "अहो, मी आपला सहज चौकशीला आलोय." पण 'साहेब' हा शब्द तपासनीसांच्या कानावर फार दिवसांनी पडला होता. निवृत्तीपासून त्यांना साहेब म्हणणारा एकमेव माणूस होता तो चुकीचा नंबर लागून फोनवर आलेला. त्यांचा हात आपोआप डगल्याच्या गुंडीकडे गेला आणि कारखान्यात रोज म्हटलेले वाक्य तोंडातून निघून गेले.

"तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही."

ते लाँड्रीची पायरी उतरत होते तेव्हा काका फोन कानाला लावून हलक्या आवाजात सांगत होते, "डॉक्टरीणबाई, ताईंच्या छतांचं काहीतरी निघालंय. तपासायला साहेब फिरतायत!"

*

डॉक्टरीणबाई हातमोज्यांसकट दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या.

"या साहेब! तुमचीच वाट बघत होते. काकांनी सांगितलं. काय निघालंय? पत्रा खराब आहे का? आठ दिवसांत पडणार आहे का?"

"तुमची तक्रार काय?"

"अजून नाही, पण असेल तर आत्ताच कळू दे! आत पेशंट खुर्चीत आहे. त्याला तोंड उघडं ठेवायला सांगून आलेय. तुम्ही तपासा, मी इथंच थांबते."

या बाई बोलत होत्या तसे तपासनीसांशी कारखान्याचे मालकसुद्धा कधी बोलले नव्हते. खरे सांगून टाकायची दुसरी संधी येथे होती. त्यांच्या मनात ते आलेही. पण तेवढ्यात अंगणातल्या बागेची लांबलचक नळी त्यांच्या दृष्टीस पडली.

"पाणी मारून बघू या," ते म्हणाले.

छतावर चढायची गरज नव्हती. त्यांनी अंगणात पाय रोवले, नळीचे तोंड अंगठ्याने दाबले आणि पाण्याचा फवारा पत्र्यांवर चौफेर फिरवला. एकेक पत्रा भिजवला, जोड भिजवले, मधला उंचवटा भिजवला. पाणी खळखळत पन्हळीत आले आणि नळातून शिस्तीत खाली गेले. तपासनीस थोडे निराश झाले. त्यांनी नळी आणखी उंच धरली.

आतून गुळण्या केल्याचा आवाज आला. मग कुणीतरी थुंकले. आणि तोंडाला टॉवेल लावलेला, गळ्यापर्यंत चिंब झालेला एक गृहस्थ दारात आला.

"डॉक्टर, चूळ भरून झाली. आता परत आडवा होऊ का?"

"चूळ? तुम्हाला कुणी चूळ भरायला सांगितलं?"

"वरून पाणी सोडलंत की तुम्ही! मला वाटलं, नवीन पद्धत आहे."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. "गळलं! छत गळलं! पेशंटच्या तोंडात गळलं!"

तपासनीसांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. हजारो चांगल्या बल्बांमधून एक तडकलेला बल्ब हाती लागावा, तसा तो क्षण होता. ताईंबद्दल किंचित वाईटही वाटले. दिवा वरून चांगला दिसत होता हो! पण पट्ट्यासमोर बसणाऱ्याला मन कठोर करावे लागते. ते नळी गुंडाळत असताना डॉक्टरीणबाईंनी दोन फोन केले. पहिला ताईंना, तक्रारीचा. दुसरा बेकरीत, सावध करण्याचा.

*

बेकरीत शिडी आधीच लावून ठेवलेली होती.

बेकरीवाला कोपरापर्यंत पिठाने माखलेला, मवाळ माणूस होता. बेकरी त्याची होती, पण त्याच्या सासूबाई वरच्या खोलीत राहत आणि बेकरीतल्या सगळ्या आज्ञा तेथूनच सुटत. आज त्या स्वतः खाली आल्या होत्या.

"डॉक्टरांकडे धबधबा कोसळला म्हणे! पेशंट वाहून जाता जाता वाचला! जावईबापू, पीठ राहू द्या, शिडी धरा. साहेब, चढा!"

"आधी तक्रार..." तपासनीस म्हणू लागले.

"तक्रार वर जाऊन शोधा!"

बेकरीत झगझगीत उजेड होता. कणीक मळायचे यंत्र घुर्र घुर्र फिरत होते, त्याच्या पोटात मोठा गोळा गरगरत होता. सगळी गल्ली विजेवाचून बसलेली असताना ही बेकरी छतावरच्या उन्हावर चालली होती. तपासनीस यंत्राला वळसा घालून मागच्या अंगणात गेले आणि शिडी चढले.

वर सोलरचे पॅनेल स्वच्छ पुसलेले, एका ओळीत बसवलेले होते. वायरी पाइपातून नेलेल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिले, टॉर्च मारली, टिचकी मारली. काही सापडेना. कडेला एक पेटी होती आणि पेटीवर लाल खटका. तपासनीसांचा कारखान्यातला नियम असा, की चालू असलेली वस्तू बंद करून पुन्हा चालू झाल्याशिवाय तिला चालू म्हणायचे नाही. त्यांनी खटका खाली केला.

खालची घुरघुर थांबली. पाठोपाठ बेकरीवाल्याचा कळवळून आवाज आला, "अगं आई! गोळा बसला!"

तपासनीसांनी खटका वर केला. काही झाले नाही. त्यांनी मनात थोडा वेळ थांबायचे ठरवले, पण खालून ओरडा वाढत होता. त्यांनी खटका खाली केला, पुन्हा वर केला. काही नाही. खाली. वर. घाम फुटला. खाली, वर, खाली, वर!

"काय चालवलंय वर?" सासूबाई अंगणातून ओरडल्या.

"तपासतोय!"

"कुणी पाठवलं तुम्हाला? कंपनीने?"

"नाही."

"सरकारने?"

"नाही."

"ताईंनी?"

"नाही हो."

"मग तुम्ही आहात तरी कोण?"

छताच्या कडेला उभे राहून, हाताला लाल खटक्याचा रंग लागलेला असताना, तपासनीसांना आपली ओळख शोधावी लागली. बराच विचार करून ते म्हणाले, "मी... होणारं गिऱ्हाईक."

मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी थंड.

"जावईबापू, शिडी काढा. ताई येईपर्यंत हे गिऱ्हाईक वरच राहू दे."

*

शिडी गेली. तपासनीस छतावर एकटे राहिले. करण्यासारखे काही नसल्यामुळे ते कठड्याशी उभे राहून आजूबाजूची छते पाहू लागले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी चांगली वस्तू नीट पाहिली. जवळच लाँड्रीचे छत दिसत होते, आरशासारखे. पलीकडे डॉक्टरीणबाईंचे. त्यावरून नुकतेच मारलेले पाणी कुठेही न साचता ओघळून गेले होते. पत्रा सुकायलाही लागला होता. त्याच्या मधोमध उजेडासाठी एक झरोका होता. आणि त्या झरोक्याचे काचेचे झाकण हवेसाठी उघडून, चांगले हातभर वर करून ठेवलेले होते.

छत गळलेच नव्हते! त्यांनी खिडकीतून आत पाणी ओतले होते आणि घर गळते म्हणून बोंब मारली होती.

खिशातला फोन वाजला. पत्नी होत्या.

"अहो, सगळं मुसळ केरात! ताईंचा फोन आला होता. जुन्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्यात म्हणे, एकदम! आणि जुन्याची तक्रार मिटल्याशिवाय त्या नवं काम हातात घेत नाहीत. त्यांचा तो नेमच आहे. आपला नंबर गेला! आता शाळेचं काम झाल्यावरच म्हणाल्या. कोण मेला तक्रारी करत सुटलाय कुणास ठाऊक! तुम्ही तिकडेच फिरताय ना? तुम्हाला काही कळलं?"

"थोडंफार," तपासनीस म्हणाले.

"कुठे आहात तुम्ही?"

"वर."

"वर म्हणजे?"

"बेकरीच्या. घरी आल्यावर सांगतो. येणं कधी होईल ते मात्र शिडीवर आहे."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. माणूस दिसायच्या आधी आवाज आला, म्हणजे ताईच. नव्या गिऱ्हाइकाकडे दुपारचे दिवेलागणीला पोचणाऱ्या ताई तक्रारीच्या जागी वाऱ्यासारख्या आल्या होत्या.

"कोण आहे वर? खटक्याला कुणी हात लावलाय?"

"मी चालू करतोय!" तपासनीस ओरडले.

"तुम्ही चालू करताय म्हणूनच बंद आहे! हात काढा! बंद केल्यावर ते आधी दम खातं, सगळं ठीक आहे का बघतं आणि मग सुरू होतं. तुम्ही दर खेपेला त्याला परत पहिल्यापासून दम खायला लावताय! दोन्ही हात खिशात घाला!"

तपासनीसांनी दोन्ही हात खिशात घातले. सगळे थांबले. सासूबाई कमरेवर हात ठेवून, बेकरीवाला कणकेवर ओले फडके ठेवून. आणि मग खालून, जणू काही झालेच नाही अशी, घुर्र घुर्र सुरू झाली. बेकरीवाला हसला. त्याच्या गालावर पिठातून ओघळ उतरलेले होते.

शिडी लागली आणि ताई धापा टाकत वर आल्या. अंगाने भरलेल्या, कमरेला हत्यारांचा पट्टा, त्यातच खोचलेली पाण्याची बाटली आणि कंगवा. त्यांनी पेटी पाहिली, झाकण लावले आणि तपासनीसांना आपादमस्तक न्याहाळले.

"तर माझी चौकशी करत होतात."

"तुम्हीच म्हणाला होतात, विचारा म्हणून."

"विचारा म्हणाले होते! भिजवा नव्हतं म्हणाले!" आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की लाँड्रीवरची कबुतरे उडाली. "मीही चौकशी करते बरं का. काम घ्यायच्या आधी गिऱ्हाईक कसं आहे ते चार ठिकाणी विचारून घेते. तुमच्याबद्दलही विचारलं."

"काय कळलं?"

"सगळे म्हणाले, काम घेऊ नका. जन्मात पसंत पडायचं नाही. मग म्हटलं, घरच्या माणसाला विचारावं. तुमच्या बायकोला विचारलं."

"ती काय म्हणाली?"

"त्यांनीही तेच सांगितलं." ताईंनी बाटलीतून घोटभर पाणी घेतले. "पण म्हणाल्या, छत मात्र घालून द्या हो, मला काम करायचंय. म्हणून हो म्हटलं."

तपासनीसांना खाली उडी मारावीशी वाटली. पण शिडी समोरच असल्यामुळे त्याला काही अर्थ उरला नव्हता. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईंच्या झरोक्याचं झाकण उघडं होतं. चूक माझी आहे."

"ठाऊक आहे. आधी तिकडेच गेले होते. झाकण लावलं, फरशी पुसली, पेशंटची समजूत घातली. तो म्हणतो, त्याची दाढच दुखायची थांबली."

"मग सगळ्या तक्रारी मिटल्या की! आमचं काम उद्या..."

"डॉक्टरांची मिटली, इथली मिटली. काकांची राहिली."

"काकांच्या छताला काय झालंय?"

"छताला काही नाही झालं. काकांना झालंय! मघाशी बघून आले, माणूस इस्त्री सोडून वर बघत बसलाय. छताला भोक पडलं तर मी बुजवते. तुम्ही त्यांच्या मनाला पाडलंय. आता उद्या एकेक पत्रा त्यांच्यासमोर उघडायचा, दाखवायचा आणि परत बसवायचा. त्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही."

"मी जाऊन सांगतो त्यांना."

"नको!" ताईंनी हात जोडले. "तुम्ही आता कुणाला काही सांगू नका! काकांचं झालं की शाळा, शाळा झाली की तुमचं. थांबणार असलात तर थांबा. घाई असली तर दुसरं कुणी बघा, माझा राग नाही."

एवढे बोलून त्या पॅनेलच्या कडेने स्क्रू चाचपत निघाल्या आणि गाऊ लागल्या. काका म्हणाले होते ते खरे होते. सूर मिळेना. पण तपासनीस तेथेच उभे राहून ऐकत होते, आणि ताईंचा हात एकही स्क्रू चुकवत नव्हता, हेही पाहत होते.

खाली उतरल्यावर सासूबाईंनी त्यांच्या हातात ताजा पाव ठेवला. "घ्या. आणि हा तरी न तपासता खा!"

*

घरी पोचेपर्यंत पत्नीला सगळे कळलेले होते. लाँड्रीवाल्या काकांनी कळवले होते. साहेब सुखरूप आहेत ना, ही त्यांना आता आणखी एक काळजी लागली होती.

बाई रागावल्या नाहीत. त्या बैठकीच्या खोलीत दारापाशी बसून राहिल्या होत्या आणि ते रागावण्यापेक्षा जड होते.

"त्या हसतमुखाचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी येतो म्हणतोय. येऊ दे का? ग्रंथपालांना काहीतरी सांगावं लागेल ना मला."

तपासनीस डगल्याच्या गुंड्या काढत होते. एक गुंडी काढायला त्यांना फार वेळ लागला.

"नको," ते म्हणाले. "ताईच करतील."

"कधी? तोवर पुस्तकं जातील माझी!"

"अगं, काकांना नुसती काळजी वाटतेय, तर बाई सगळं छत उघडून दाखवायला निघालीय. हातातलं काम सोडून. आपलं काम सोडून! उद्या छत झाल्यावर तुला काही वाटलं, तर ती तुझ्यासाठी असंच दुसऱ्या कुणाचं काम सोडून येईल."

"मला तर रोजच काही ना काही वाटतं."

"म्हणूनच म्हणतो."

"ते पटलं हो. पण ग्रंथपालांना काय सांगू?"

"पुस्तकं पाठवा म्हणून सांग."

डगला खुंटीला अडकवून ते कामाला लागले. बैठकीच्या खोलीत त्यांची आरामखुर्ची होती, रेडिओ होता, आणि भिंतीशी काचेचे कपाट होते. त्यात नोकरीच्या काळात जमवलेले जगावेगळे खराब बल्ब ओळीने मांडलेले होते: वाकडा, दुतोंडी, आत माशी राहून गेलेला. त्या कपाटाला बाईंनी फडकेही लावायचे नाही, अशी ताकीद होती. तपासनीसांनी एकेक बल्ब कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि खोके माळ्यावर टाकले. खुर्ची अंगणात काढली. मग ते वर गेले, आणि बराच वेळ जिन्यात त्यांची पावले चढत-उतरत राहिली. पुठ्ठे खाली आले. सुया, दोरे, खळीचे भांडे आले. सगळ्यांत शेवटी लोखंडी शिकंजा आला. तो एकेका पायरीवर टेकवत, मध्ये बसून दम खात, त्यांनी खाली आणला आणि खिडकीतल्या उजेडाशी, जेथे आरामखुर्ची असे, तेथे बसवला. कापायचे टेबल तेवढे जिन्यात मावेना, ते वरच राहिले. शेवटी त्यांनी आपली गादी खांद्यावर घेतली आणि वर नेऊन टाकली.

बाई हे सगळे दारातून पाहत होत्या. त्यांनी एकदाच विचारले, "हे काय करताय?" आणि त्या खळ शिजवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयाचे ग्रंथ आले. खालच्या खोलीत त्यांचे ढीग लागले, शिकंजा करकरू लागला, आणि त्याच सुमारास आभाळ अंधारून पावसाची एक दांडगी सर आली. तपासनीस वर दुपारची झोप काढत होते. पहिला थेंब कपाळावर पडला, म्हणून त्यांनी गादी डावीकडे ओढली. तेथे कानात पडला. उजवीकडे ओढली तर तेथे दोन ठिकाणी गळत होते. सगळी खोली फिरून झाल्यावर त्यांनी गादीची गुंडाळी केली आणि ती कापायच्या टेबलाखाली सरकवली.

थोड्या वेळाने बाई मोठी कात्री न्यायला वर आल्या. टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले होते आणि त्यांच्यावर थेंब पडत होते. बाईंनी कात्री उचलली, पायाने टब त्या थेंबांखाली सरकवला, दोन्ही पाय उचलून टेबलाखाली आत लोटले आणि आवाज न करता जिना उतरल्या.